ऑपरेशनची लिस्ट कशावर लावायची? फळा, एक्सेल, एचआयएस की एआय: सोलापूरच्या मध्यम हॉस्पिटलसाठी तुलना

सोलापुरात दोन-चार ऑपरेशन टेबलं असलेली हॉस्पिटलं बरीच आहेत. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याचे पेशंट तर येतातच, शिवाय धाराशिवकडचे आणि सीमेपलीकडून विजयपूर-कलबुर्गीकडचेही येतात. अशा हॉस्पिटलांच्या मालक-डॉक्टरांना आणि व्यवस्थापकांना हल्ली एक निर्णय घ्यावा लागतोय. ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, लिस्ट अजून फळ्यावर आणि व्हॉट्सअॅपवर चालवायची, एक्सेलमध्ये आकडे गोळा करून सुधारायची, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधलं (एचआयएसमधलं) ओटी मॉड्यूल घ्यायचं, की ऑपरेशनला किती वेळ लागेल याचा अंदाज सांगणारं एआय विकत घ्यायचं?

माझं मत आधीच सांगतो. दोन-तीन टेबलांच्या हॉस्पिटलनं आज एआयवर पैसे घालू नयेत. तीन-चार महिने एक्सेल चालवावं, नीट चालवावं, आणि मगच एचआयएसचा विचार करावा. पाच-सहा टेबलं असतील, सर्जनची संख्या मोठी असेल, तर थेट एचआयएसकडे जायला हरकत नाही. हे मत कशावरून बनलं ते सांगायला आधी ओटीतला वेळ नक्की कुठे जातो ते बघावं लागेल.

खोली रिकामी, पण केस लागत नाही

मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात सर्जन आणि भूलतज्ज्ञ पगारी असतात, दिवसभर त्याच इमारतीत असतात. तिथे खोली हीच टंचाईची गोष्ट असते. आपल्याकडे बहुतेक सर्जन व्हिजिटिंग. सकाळी एका ठिकाणी केस, मग स्वतःची ओपीडी, दुपारी दुसरीकडे. भूलतज्ज्ञांची तर त्याहून जास्त धावपळ, कारण एकच भूलतज्ज्ञ अनेक सर्जनना लागतो. त्यामुळे टेबल साफ आहे, सिस्टर स्क्रब होऊन उभी आहे, पेशंट प्री-ऑपमध्ये आडवा आहे, आणि तरी केस सुरू होत नाही, असं रोज घडतं.

त्यात आणखी भर पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची किंवा विमा कंपनीची मंजुरी यायची असते. पेशंट ऑपरेशनला योग्य असल्याचा फिटनेस झालेला नसतो, किंवा फिजिशियननं मागितलेला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) राहिलेला असतो. प्लेट-स्क्रूचा सेट डीलरकडून आलेला नसतो. शहरात पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा टँकरची सोय आणि ऑटोक्लेव्हच्या (उपकरणं निर्जंतुक करण्याच्या) फेऱ्या यांचाही हिशेब लिस्टमध्ये धरावा लागतो.

म्हणून कुठलाही पर्याय निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: उशीर किती झाला एवढंच ही पद्धत सांगते, की कशामुळे झाला तेही सांगते?

रजिस्टरचं पान

ओटी रजिस्टर उघडून कुठलंही एक पान बारकाईनं वाचा. वेळा बघा: ९:००, १०:३०, ११:३०, १:००. सगळ्या गोल. पहिल्या केसची संपण्याची वेळ ११:३० आणि दुसरीची सुरू होण्याचीही ११:३०, म्हणजे टेबल पुसायला, लिनन बदलायला, ट्रॉली लावायला एक मिनिटही लागलेलं नाही! संध्याकाळी दमलेल्या सिस्टरनं आठवेल तसं भरलेलं पान असंच दिसणार. दोष तिचा नाही. त्या वेळांचा पुढे काही उपयोग होतो असं तिला कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

त्याच पानावर दोन वेळा मात्र हमखास अचूक सापडतात. सिझेरियनमध्ये बाळाच्या जन्माची वेळ: २:१७ म्हणजे २:१७च, कारण ती जन्मनोंदीला जाते आणि घरचे पत्रिकेसाठीही विचारतात. दुसरी, गुडघ्याच्या ऑपरेशनमधली टुर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) बांधल्याची वेळ, कारण पट्टा जास्त वेळ राहिला तर पायाला धोका. ज्या वेळेची कुणाला तरी गरज असते ती वेळ बरोबर लिहिली जाते. लिस्ट सुधारायची असेल तर आणखी चार-पाच वेळांना अशी गरज निर्माण करावी लागते.

त्या वेळा अशा: पेशंट ओटीत आला, भूल सुरू झाली, चिरा दिला, टाके संपले, पेशंट बाहेर गेला. यासाठी वेगळा फॉर्म काढायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट बऱ्याच ठिकाणी भिंतीवर असतेच. तिचे तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. प्रत्येक थांब्याशी घड्याळातली वेळ लिहायची सवय लावली की अर्धी माहिती आपोआप जमते, आणि चेकलिस्ट खरोखर तोंडानं म्हटली जाते हा आणखी मोठा फायदा. फक्त सगळ्या थिएटरमधली घड्याळं एकसारखी लावून घ्या. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आणि मॉनिटरचं चार मिनिटं मागे असेल तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

फळा आणि व्हॉट्सअॅप

या पद्धतीला कमी लेखू नका. फळा सगळ्यांना दिसतो, लाइट गेली तरी चालतो, आणि ओटी इन्चार्ज सिस्टरनं खडूनं फिरवलेला क्रम कुणी मोडत नाही. इमर्जन्सी आली की दोन मिनिटांत सगळी लिस्ट बदलते. हा वेग कुठल्याच सॉफ्टवेअरला अजून साधलेला नाही.

पण फळा काय ठरलं होतं तेवढंच सांगतो, काय घडलं ते संध्याकाळी पुसलं जातं. महिनाअखेरीस विचारलं, किती केसेस त्याच दिवशी रद्द झाल्या आणि का, तर प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. आणि व्हॉट्सअॅपवर लिस्टचा फोटो टाकताना पेशंटचं पूर्ण नाव, वय, आजार असं सगळं पंचवीस जणांच्या मोबाइलमध्ये जातं, त्यातले काही जण नोकरी सोडून गेलेलेही असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलेला आहे. तो नसता तरी गर्भपिशवीच्या किंवा मूळव्याधीच्या ऑपरेशनची बातमी अशी फिरू देणं बरोबर नव्हतंच. ग्रुपवर आयपीडी (भरतीचा) नंबर, सर्जन आणि टेबल एवढंच टाका.

एक्सेल किंवा गुगल शीट

खर्च जवळजवळ शून्य, पण एक माणूस लागतो. ओटी टेक्निशियन किंवा रेकॉर्ड रूमचा कुणी, रोज अर्धा तास. माणूस ठरवून दिला नाही तर शीट दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. हीच या पर्यायाची सगळ्यात मोठी जोखीम.

रकाने मोजकेच ठेवा: तारीख, टेबल, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन, ठरलेली वेळ, वरच्या पाच वेळा आणि उशिराचं कारण. ऑपरेशनचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर ‘लॅप कोली’, ‘गॉलब्लॅडर’, ‘पित्ताशय’ अशी एकाच ऑपरेशनची तीन नावं होतात आणि हिशेब तीन तुकड्यांत विभागला जातो. मध्यरात्र ओलांडणारी केस असेल तर नुसती वजाबाकी उणे उत्तर देते, म्हणून वेळेबरोबर तारीखही नोंदवा.

आता या आकड्यांतून काय मिळतं ते उदाहरणानं दाखवतो. समजा एका सर्जनच्या दुर्बिणीतून केलेल्या पित्ताशयाच्या दहा केसेस, पेशंट आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत, अशा झाल्या: ५०, ५५, ५५, ६०, ६०, ६५, ७०, ७५, ९५ आणि १४० मिनिटं. सर्जनला विचारलं तर तो म्हणेल, ‘तासाभराची केस’. तो खोटं बोलत नाही. मधलं मूल्य साडेबासष्ट मिनिटं आहे. पण सरासरी साडेबहात्तर आहे, कारण चिकटलेलं पित्ताशय निघालेल्या त्या एका केसनं ती वर ओढली. ऑपरेशनच्या वेळांचं स्वरूप बहुधा असंच असतं: खाली फार कमी होत नाहीत, वर मात्र लांबत जातात.

मग लिस्टमध्ये कुठला आकडा धरायचा? प्रश्न कुठला, त्यावर ते ठरतं. अशा चार केसेस लावल्या तर दिवस किती वाजता संपेल, या प्रश्नाला सरासरी धरा. चार गुणिले साडेबहात्तर म्हणजे २९० मिनिटं, मधल्या तीन बदलांना प्रत्येकी २५ मिनिटं धरली तर ३६५. नऊला सुरू केलं तर तीन वाजून पाच मिनिटं. ‘तासाभराची केस’ धरून हाच हिशेब सव्वादोनला संपतो, आणि दोन-अडीचला बोलावलेला पुढचा सर्जन पाऊण तास बसून राहतो. पुढच्या पेशंटला वॉर्डातून कधी हलवायचं, याला मात्र मधलं मूल्य बरं, नाहीतर निम्म्याहून जास्त वेळा टेबल रिकामं आणि पेशंट वर वॉर्डात असं होईल. आणि दुसऱ्या सर्जनला ‘इतक्या वाजता टेबल नक्की मिळेल’ असा शब्द द्यायचा असेल, तर दहातल्या आठ केसेस जेवढ्यात बसतात तो आकडा घ्या. इथे तो ७५ आहे. हे तिन्ही आकडे एक्सेल चुटकीसरशी देतं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती पैशाची नाही. लिस्टवर भरवसा नसला की वॉर्ड सगळ्यांनाच रात्री बारापासून उपाशी ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या नंबरची, सत्तरीची, मधुमेह असलेली आजी दुपारी तीनपर्यंत पाण्याच्या घोटाशिवाय राहते, तीही सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये. भूलशास्त्राची प्रचलित मार्गदर्शक तत्त्वं सर्वसाधारण पेशंटला हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानंतर दोन तास पुरेसे मानतात. आपली तिसरी केस साधारण साडेबाराच्या आधी लागत नाही, हे तीन महिन्यांच्या आकड्यांवरून कळलं तर भूलतज्ज्ञ निश्चिंतपणे सांगू शकतो की दहापर्यंत पाणी द्या. तेवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी शीट भरायला लावीन.

उशिराच्या कारणांचा रकाना नाजूक आहे. कारणं सात-आठच ठेवा: सर्जन, भूल, वॉर्ड, मंजुरी, रिपोर्ट किंवा फिटनेस, साहित्य, आधीची केस लांबली, इमर्जन्सी. ‘सर्जन उशिरा’ असं लिहायला सिस्टर धजावणार नाही, हे धरूनच चला. त्यासाठी मालकानं स्वतः ओटीत येऊन सांगितलं पाहिजे की हा रकाना कुणाला जाब विचारायला नाही, आणि महिन्याच्या बैठकीत कारणांच्या बेरजा दाखवायच्या, नावं नाही. तसं घडलं नाही तर दोन महिन्यांत सगळ्या ओळींत ‘आधीची केस लांबली’ एवढंच दिसेल, दिवसातल्या पहिल्या केससमोरही.

एचआयएसमधलं ओटी मॉड्यूल

बिलिंगसाठी सॉफ्टवेअर आधीच असेल तर विक्रेता सांगतो, ओटी मॉड्यूल थोड्या पैशांत चालू करून देतो. फायदे खरे आहेत. पेशंटची माहिती पुन्हा भरावी लागत नाही, पीएसी (भूल देण्याआधीची तपासणी) झाली की नाही ते लिस्टवरच दिसतं, मंजुरीची स्थिती जोडता येते, टॅबवर बोट लावलं की वेळ आपोआप पडते. हॉस्पिटलांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियांचं प्रमाण मोजावं लागतं. तो आकडा शीटमधूनही निघतो, पण कुणी कधी काय बदललं याचा माग एचआयएसमध्ये जास्त पक्का राहतो.

एक तोटा मात्र विक्रेता सांगत नाही. ओटी चार्ज तासावर लावला जात असेल आणि तीच वेळ बिलाला जात असेल, तर वेळा बिलाकडे झुकतात. एक तास पाच मिनिटं झालेली केस कुणीतरी दयेनं एक तास लिहितं, कुणी दीड तास. मग विश्लेषणाला मिळते ती बिलाची वेळ, टेबलावरची नाही. बिलाच्या वेळेचा रकाना वेगळा हवाच.

एक्सेलशी तुलना केली तर मला फरक असा दिसतो: माहिती भरण्याचं काम एचआयएस सोपं करतं, विचार करण्याचं काम नाही. बहुतेक मॉड्यूलचा डॅशबोर्ड ‘ओटी वापर इतके टक्के’ असा एक गोल आकडा दाखवतो. वरच्याच उदाहरणात नऊ ते पाच म्हणजे ४८० मिनिटं धरली तर नुसत्या केसेसचा वापर ६० टक्के येतो, मधली साफसफाई धरली तर ७६. दोन्ही बरोबर. आपलं मॉड्यूल यातला कुठला दाखवतं ते विक्रेत्याकडून लिहून घेतल्याशिवाय दुसऱ्या हॉस्पिटलशी तुलना करू नका.

वापर शंभर टक्क्यांकडे नेण्याची हौसही बाळगू नका. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत नियोजित शस्त्रक्रियांच्या थिएटरसाठी ८५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं जातं, शंभरचं नाही. आपल्याकडे तर त्याच टेबलावर रात्रीबेरात्री सिझेरियन येतं आणि पुणे-हैदराबाद महामार्गावरचा अपघातही. लिस्ट गच्च भरली की एका इमर्जन्सीनं दिवसभराच्या सगळ्या केसेस पडतात, आणि वापर जितका वर जातो तितकी वाट बघण्याची वेळ झपाट्यानं वाढते. एवढी गच्च लिस्ट लावून दिसायला छान आकडा मिळवण्यापेक्षा दुपारनंतर एक टेबल मोकळं ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

एआय

यावर थोडक्यात. पेशंटचं वय, वजन, आजार, सर्जन, टीम असं सगळं बघून ऑपरेशनचा वेळ सांगणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि जिथे वर्षाला हजारो केसेसचा स्वच्छ डेटा आहे तिथे ती उपयोगी पडतात. आपल्या हॉस्पिटलात महिन्याला समजा १५० केसेस होतात, म्हणजे वर्षाला १,८००. त्या पंधरा-वीस सर्जनमध्ये आणि साठ-सत्तर प्रकारच्या ऑपरेशनमध्ये वाटा. सर्जन आणि ऑपरेशन यांच्या बहुतेक जोड्यांना पाच-सात केसेसही येत नाहीत. त्यातून यंत्र काय शिकणार? अशा जोड्यांसाठी सर्जनचा स्वतःचा अंदाज आणि त्याच ऑपरेशनची हॉस्पिटलची सरासरी यांचा मेळ घालणं पुरतं. शिवाय आपला उशीर मुळात चिरा दिल्यानंतरचा कमी आणि आधीचा जास्त असतो. त्याचा अंदाज करण्यात अर्थ नाही, तो हटवायचा असतो.

राखीव वार की येईल तशी लिस्ट

पद्धत कुठलीही घेतली तरी हा निर्णय वेगळा घ्यावाच लागतो, आणि माझ्या मते सॉफ्टवेअरपेक्षा यातून जास्त हाती लागतं. राखीव वार म्हणजे सोमवार-गुरुवार सकाळ अस्थिरोग, मंगळवार स्त्रीरोग, असं. येईल तशी म्हणजे जो आधी सांगेल त्याला टेबल.

राखीव वाराचा मोठा फायदा सोलापुरात असा की भूलतज्ज्ञालाही तोच वार बांधता येतो. त्याचा सलग अर्धा दिवस एका ठिकाणी गेला की दोन केसेसमधली त्याची ये-जा वाचते. नुसती साफसफाई दहा मिनिटांनी घाईत उरकून हे साधत नाही. चार केसेसमधल्या तीन बदलांत मिळून वाचतो अर्धा तास, तोही तुकड्यातुकड्यानं, आणि त्यात पाचवी केस बसत नाही. पहिली केस ठरल्या वेळेला लागणं आणि केसेस सलग होणं, याच दोन गोष्टींनी वापरता येईल असा मोकळा वेळ एका जागी जमतो.

तोटाही आहे. ज्या सर्जनला आठवड्याला दोनच केसेस मिळतात त्याला राखीव वार दिला तर टेबल रिकामं राहतं, आणि दिलेला वार काढून घेताना संबंध बिघडतात. म्हणून आकडे बघूनच द्या: मागच्या तीन महिन्यांत ज्यांनी अर्धा दिवस बहुतेक आठवड्यांत भरला त्यांनाच. आणि सुरुवातीलाच नियम ठेवा की ४८ तास आधी केस लावली नाही तर वार सगळ्यांना खुला.

वार ठरवताना सोलापूरचं वर्षही डोळ्यांसमोर हवं. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे टॉन्सिल-हर्निया वाढतात. पितृपक्षात आणि अमावास्येला लोक ठरवलेलं ऑपरेशन टाळतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शहरातून ये-जाच अवघड होते, आषाढीला पंढरपूरकडचे रस्ते भरतात. आपल्या हॉस्पिटलात याचा परिणाम नेमका किती, ते निदान दोन वर्षांच्या नोंदीतून दिसतं. म्हणूनही शीट आजच सुरू करायची. एआय कंपनी पुढे कधी आली तरी तिला हीच नोंद लागणार आहे.

कधी पुढे जायचं

शीटवरून एचआयएसवर जायची वेळ ओळखायला सोपी आहे. रोजच्या नोंदीला अर्ध्या तासाऐवजी दोन तास लागू लागले, दोन टेबलांच्या वेळा एकाच भूलतज्ज्ञाच्या नावावर आदळू लागल्या, किंवा एनएबीएचची तयारी सुरू झाली, की मॉड्यूल घ्या. तोपर्यंत रकाने कुठले हवेत, कारणं कुठली, अहवाल कसला, हे तुम्हाला स्वतःला पक्कं ठाऊक असेल आणि विक्रेता देईल ते घ्यावं लागणार नाही.

करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या. ओटीच्या सगळ्या वेळा कधीही एक्सेलमध्ये काढून घेता आल्या पाहिजेत, वेगळे पैसे न देता. वेळ नंतर बदलली तर कुणी आणि कधी बदलली याची नोंद राहिली पाहिजे. आणि करार संपल्यावर जुना सगळा डेटा परत मिळाला पाहिजे. विक्रेता यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला कां-कूं करू लागला, तर तो मॉड्यूल कितीही स्वस्तात देत असला तरी घेऊ नका, शीटच चालू ठेवा आणि दुसऱ्याला बोलवा.